किराया थांबला, माणूस हलत नाही: गावातल्या घर-दुकानाचा वाद कसा सोडवायचा

गावातलं घर किरायाने देताना आपल्याकडे कागद होत नाही. "आपलाच माणूस आहे" म्हणून किल्ली दिली जाते. किराया कधी सोयाबीन विकल्यावर, कधी कापूस निघाल्यावर असा येत राहतो. मग एखाद्या वर्षी येत नाही. विचारलं तर, "देतो ना भाऊ, मी काय पळून चाललो काय?" त्याच्या पुढच्या वर्षी तेवढंही उत्तर मिळत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या वडिलोपार्जित घराची पुढची खोली अशीच दुकानाला दिली होती. किराया बंद झाला तिथपासून ताबा हाती येईपर्यंतचा रस्ता मी चाललो आहे. वकिलाचं काम वकीलच करेल. पण वकिलाकडे जाण्याआधी आपण काय बोललो, काय लिहून दिलं, कुठे सही केली, यावर पुढचं बरंच काही ठरतं, आणि ते सांगायला गावात कोणी नसतं. लेख मुख्यतः घरमालकासाठी आहे. किरायेदारासाठीही एक भाग आहे. तुम्ही त्या बाजूचे असाल तर थेट सातव्या मुद्द्यावर जा.

१. आधी ठरवा, तो तुमचा कोण लागतो

नात्याने नव्हे, कायद्याने. घरात बसलेला माणूस चारपैकी एक असतो. ठरलेला किराया देणारा तो किरायेदार. ठरावीक मुदतीसाठी लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा तो परवानाधारक. सालगडी, राखणदार किंवा भाचा-पुतण्या म्हणून फुकट राहू दिलेला माणूस हाही परवानगीनेच राहतो, पण त्याचा किरायाशी संबंध नाही. आणि कोणाचीही परवानगी न घेता घुसलेला तो घुसखोर. चौघांना काढण्याचे रस्ते वेगवेगळे आहेत.

इथेच बहुतेकांचं बिघडतं. किराया थांबला की राग येतो, आणि रागाच्या भरात लोक पोलीस ठाण्यात अर्ज देतात: "अमुक इसमाने माझ्या घरावर अवैध कब्जा केला आहे." तो अर्ज फाईलला राहतो. पुढे कोर्टात तुम्ही म्हणता की हा माझा किरायेदार आहे, आणि समोरचा वकील तुमच्याच सहीचा अर्ज काढून दाखवतो, की मालक तर याला किरायेदार मानतच नव्हता.

त्याला किरायेदार म्हणण्यात तुमचा फायदा आहे. किरायाने आत आलेल्या माणसाला, तो त्या किरायावर आत बसलेला असेपर्यंत, "तू मालकच नाहीस" असं म्हणता येत नाही. साक्षीच्या कायद्यातलं हे जुनं तत्त्व भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही कायम आहे. पारावर ऐकू येणारं "बारा वर्षं राहिला की घर त्याचं" हेही किरायेदाराला असं सरळ लागू होत नाही. बारा वर्षांचा तो नियम मालकाचा हक्क झुगारून उघडपणे बसलेल्यासाठी आहे, आणि किरायेदार तर मालकाच्या परवानगीने बसलेला असतो. तुम्ही स्वतः त्याला कब्जा करणारा ठरवलं तर हे दोन्ही आधार आपल्या हाताने सैल करता.

म्हणून प्रत्येक अर्जात, नोटिशीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपात एकच शब्द वापरा: किरायेदार.

बारा वर्षांचा तो नियम किरायेदाराला लागू नाही म्हणून वाट पाहत बसायचं असंही नाही. किरायेदारी संपल्यापासून ताब्याचा दावा करायला बारा वर्षं आहेत, पण थकलेला किराया मागता येतो तो मागच्या तीन वर्षांचाच.

२. तुमच्या गावाला कोणता कायदा लागू आहे ते पाहा

शहरातले नातेवाईक ऐकवतात ते सगळं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ बद्दल असतं. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि आपल्याकडचा १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा जुना भाडे नियंत्रण आदेश त्यात विलीन झाला. पण तो राज्यातल्या प्रत्येक गावाला लागू नाही. त्याच्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, जी ठिकाणं आहेत तिथेच तो चालतो, आणि ती मुख्यतः नगरपालिकांची शहरं आहेत. लहान ग्रामपंचायतीतलं घर बहुधा त्याच्या बाहेर असतं. तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम चालतो.

फरक मोठा आहे. अनुसूचीतल्या शहरात किराया थकला म्हणून काढायचं तर आधी मागणीची लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. दावा टाकल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत किरायेदाराने सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढचा किराया आणि दाव्याचा खर्च देत राहिला, तर केवळ थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. मग परस्पर पोटकिराया, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, स्वतःची खरी गरज, सहा महिने विनाकारण बंद ठेवलेली जागा अशी दुसरी कारणं लागतात.

गावात, म्हणजे जिथे भाडे नियंत्रण नाही तिथे, महिन्याच्या किरायेदाराला १५ दिवसांची नोटीस देऊन किरायेदारी संपवता येते. कारण सिद्ध करत बसावं लागत नाही. मात्र उत्पादनाच्या कामासाठी दिलेली जागा असेल, समजा आरागिरणी, तर तो म्हणेल की मला सहा महिन्यांची नोटीस हवी होती. अशा जागेबद्दल वकिलाला आधीच स्पष्ट सांगा.

तुमचं गाव अनुसूचीत आहे की नाही, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली असेल तर नक्कीच विचारा. ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे गाळे भाडे नियंत्रणात येत नाहीत, त्यांचा विषय इथे नाही.

३. कागद जमवा

• ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घर टॅक्सच्या पावत्या. उताऱ्यात "भोगवटादार" या रकान्यात कोणाचं नाव आहे ते वाचा.
• गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका.
• खरेदीखत, वाटणीपत्र, वडील गेले असतील तर मृत्यू प्रमाणपत्र आणि वारसांची माहिती.
• किराया मिळाल्याची कुठलीही खूण: पावतीबुक, डायरी, पासबुकातली नोंद, फोन-पेचे व्यवहार.
• "पुढच्या महिन्यात देतो" असे मेसेज. फोन बदलू नका, विकू नका. मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर सोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देईल.
• घराचे आतून-बाहेरून फोटो, निदान बाहेरून.

नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. त्यामुळे भोगवट्यात त्याचं नाव आलं म्हणून घर त्याचं होत नाही, आणि तुमचं आहे म्हणून तेवढ्यावर तुम्ही निर्धास्तही राहू नका. नाव चुकीचं असेल तर आजच ग्रामपंचायतीला लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. विजेच्या मीटरचंही तसंच. राहणाऱ्यालाही महावितरण जोडणी देऊ शकतं, म्हणून बिल त्याच्या नावाने असलं तरी घाबरण्यासारखं काही नाही.

घर ई-क्लास किंवा नझूलच्या, म्हणजे सरकारी, जागेवर असेल तर वकिलापासून लपवू नका. किरायेदार तो मुद्दा काढणारच.

४. कुलूप, लाईट, पाणी, पत्रे: हात लावू नका

गावातला प्रत्येक जण हाच सल्ला देईल. "रात्री कुलूप ठोक, सकाळी पाहू." कोणी म्हणेल लाईट काप, कोणी म्हणेल दुरुस्तीच्या नावाने कवेलू उतरव.

असं केलं की किराया थकवणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने पीडित होतो. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर त्याला विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवता येतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न कोर्ट पाहतच नाही. भाडे नियंत्रण लागू असलेल्या ठिकाणी पाणी-वीज तोडणं हा वेगळा गुन्हाही आहे. शिवाय आत त्याचा माल असतो. कुलूप तुमचं असेल तर "गल्ल्यात एवढे पैसे होते" या आरोपाला तुमच्याकडे उत्तर नसतं.

पोलिसांकडून ताबा मिळण्याची आशाही सोडा. ते दिवाणी बाब म्हणून हात वर करतात आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. धमकी, मारहाण झाली तर तक्रार जरूर द्या, पण त्या तक्रारीतही शब्द किरायेदार हाच.

५. एकदा नीट बोला, आणि बोललेलं कागदावर आणा

गावात कोर्टाआधी बोलणी होतातच, आणि व्हायला हवीत. पोलीस पाटील, सरपंच, दोघांच्या ओळखीचा एखादा वडीलधारा चालतो. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेमुळे बऱ्याच गावांत तंटामुक्त समिती आहे. तिला ताबा मिळवून देण्याचा अधिकार नाही, पण तिच्यासमोर माणूस जे कबूल करतो त्याला वजन असतं.

बैठकीत मोठमोठ्याने भांडून काही मिळत नाही. तुम्हाला त्यातून तीन गोष्टी लेखी हव्यात: तो किरायेदार आहे, किराया महिन्याला इतका आहे, अमुक महिन्यापासून थकला आहे. सोडण्याची तारीख मिळाली तर चांगलंच. कास्तकार माणूस असेल तर हंगाम संपेपर्यंत मुदत द्यायला काय हरकत आहे? पण तारीख लिहा. "कापूस निघाल्यावर" असं लिहू नका, कापूस फेब्रुवारीतही निघत असतो.

याच कागदात किराया यापुढे कोणाला द्यायचा तेही लिहा. मालक पुण्याला किंवा नागपूरला आणि किराया गावातला चुलतभाऊ घेतो, असं पुष्कळ घरांत असतं. उद्या किरायेदार म्हणतो, "मी तर दादाला देत होतो," आणि दादा तेव्हा कोणाच्या बाजूने बोलेल याची खात्री कोणी द्यावी?

भाऊ-बहिणी मिळून मालक असाल तर एका सहमालकालाही दावा करता येतो, बाकीच्यांचा विरोध नसला पाहिजे. आधी घरात बोलून घ्या. फूट दिसली की किरायेदार बरोबर त्याच भावाकडे किराया घेऊन जातो.

६. नोटीस

नोटीस वकिलाकडूनच द्या. पण पाठवण्याआधी मसुदा मागून घ्या आणि शब्दन् शब्द वाचा. वाचताना हे तपासा:

घर क्रमांक आणि चतुःसीमा बरोबर आहेत का. आज पूर्वेला कोण राहतं ते लिहा. वीस वर्षांपूर्वीच्या खरेदीखतातली नावं जशीच्या तशी उतरवली जातात आणि पुढे कोर्टाचा बेलीफ घरासमोर उभा राहून विचारतो की हेच का ते. किराया किती, कधीपासून थकला, किरायेदारी कोणत्या तारखेला संपते, हे आकड्यात आहे का. आणि पुन्हा, त्याला किरायेदारच म्हटलं आहे का.

नोटीस पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, म्हणून पोच हवी असल्याचं काउंटरवर स्पष्ट सांगा. गावात पोस्टमन ओळखीचा असतो आणि "घरी नाही" असा शेरा मारून पाकीट परत येऊ शकतं. ते पाकीट फोडू नका. तसंच बंद ठेवा, तोच पुरावा आहे. कायद्याने नोटीस घरातल्या माणसाच्या हाती देता येते, आणि ते जमत नसेल तर घराच्या दर्शनी भागावर चिकटवताही येते.

नोटीस गेल्यावर तो अचानक पैसे घेऊन येतो. हाच सापळा. नोटिशीच्या तारखेनंतरचा किराया म्हणून पैसे घेतले तर तुम्ही नोटीस सोडून दिली असा अर्थ काढला जातो. घ्यायचेच तर मागच्या थकबाकीपोटी, आणि पावतीवर "नोटिशीतील हक्क राखून" असं लिहून. त्याने परस्पर खात्यात टाकले तर त्याच दिवशी वकिलाला कळवा.

७. तुम्ही किरायेदार असाल तर

मालकाने किराया घ्यायचं बंद करून नंतर "थकवला" म्हणून ओरड करणं, हेही गावोगाव होतं. दर महिन्याला खात्यात पाठवा, खातं माहीत नसेल तर मनीऑर्डर करा. परत आलेली मनीऑर्डर जपून ठेवा. तुम्ही द्यायला तयार होता याचा तो पुरावा आहे. रोख दिलात तर पावती मागा. भाडे नियंत्रणाच्या भागात पावती देणं मालकावर बंधनकारक आहे.

छपराचा विषय तर घरोघरी निघतो. पावसाळ्यात छत गळतं, मालक लक्ष देत नाही, तुम्ही पदरचे पैसे घालून कवेलू काढता आणि टिन टाकता, आणि ते किरायातून वळते झाले असं मानता. मालक मानत नाही. दुरुस्ती मालकाची जबाबदारी ठरली असेल आणि तो करत नसेल, तर आधी त्याला कळवून ती स्वतः करून खर्च किरायातून कापता येतो. पण आधी कळवलं पाहिजे, लेखी, आणि टिनाचं बिल हवं. तोंडी "काका हो म्हणाले होते" कोर्टात टिकणं कठीण.

घर विकलं गेलं म्हणून तुमची किरायेदारी आपोआप संपत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो, तेव्हा लेखी कळल्यापासून किराया त्याला द्या.

८. दावा

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, कनिष्ठ स्तरावर, दावा दाखल होतो. मागण्या तीन: ताबा, तीन वर्षांपर्यंतची थकबाकी, आणि किरायेदारी संपल्यापासून ताबा मिळेपर्यंतची वापराबद्दल भरपाई. तिसरी मागणी राहून जाते, तीच मोठी असते. दावा चालू असताना त्याने किराया कोर्टात भरत राहावं असा आदेशही मागायला सांगा. आदेश पाळला नाही तर त्याचा बचाव काढून टाकता येतो.

महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. घर आईच्या नावावर असेल तर हे लक्षात ठेवा.

समोरून येणारी उत्तरं साधारण ठरलेली असतात. नोटीस मिळालीच नाही. दुरुस्तीत पैसे वळते झाले. किराया चुलतभावाला दिला. आणि सगळ्यांत जोरात: "घराचा सौदा झाला होता, मी विसार दिला आहे." शेवटच्याला घाबरू नका. घराची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय होत नाही. विसारपत्राच्या जोरावर ताबा राखायचा तर २००१ पासून ते विसारपत्रही नोंदणीकृत लागतं. मात्र वडिलांनी खरंच काही पैसे घेतले होते का, हे घरात विचारून घ्या आणि वकिलाला खरं सांगा.

साक्षीला स्वतः जा. गावातल्या भावाला मुखत्यारपत्र देऊन तारखा सांभाळता येतात, पण जे तुम्हालाच माहीत आहे ते तुमच्या वतीने तो सांगू शकत नाही.

मधे लोकअदालतीची तारीख येते. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही आणि कोर्ट फीही परत मिळते. मी तर म्हणेन की थोडी थकबाकी सोडून पक्क्या तारखेला ताबा मिळत असेल तर घ्या. गावातल्या एका खोलीच्या किरायापेक्षा तारखांचा खर्च जास्त होतो.

९. वावर मक्त्याने दिलं असेल तर

हा रस्ता वापरू नका. शेतजमिनीला विदर्भासाठी वेगळा कूळ कायदा आहे, १९५८ चा, आणि तो माणूस कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्ट ठरवत नाही, तहसीलदार ठरवतो. याच कायद्याने १ एप्रिल १९६१ ला आपल्याकडे कुळांना जमिनीची मालकी मिळाली. मक्तेदार दरवर्षी बदलण्याची आणि पीक पेऱ्यात दुसऱ्याचं नाव येऊ न देण्याची सवय त्या भीतीतून आली आहे. सातबाऱ्यावर इतर अधिकारात कोणाचं नाव आहे ते पाहा आणि महसुली कामं करणाऱ्या वकिलाकडे जा.

१०. निकाल लागला, आता ताबा

निकालाचा कागद हाती आला म्हणजे घर मिळालं असं नाही. तो सोडत नसेल तर त्याच कोर्टात दरखास्त, म्हणजे निकाल अमलात आणण्याचा अर्ज, टाकावी लागते, मग ताबा वॉरंट निघतं आणि बेलीफ येतो. त्या दिवशी कुलूप, नवा कडीकोयंडा, सुतार, दोन शेजारी पंच आणि फोटो काढायला कोणीतरी बरोबर ठेवा. आतल्या सामानाची यादी बेलीफासमोर करा, त्याच्या सह्या घ्या.

त्याच आठवड्यात मीटर आपल्या नावे करायला महावितरणकडे अर्ज द्या आणि नमुना ८ मधला भोगवटा दुरुस्त करून घ्या. खोली पुन्हा किरायाने द्यायची असेल तर पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून भागवू नका. लिव्ह अँड लायसन्स करारनामा नोंदवा. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण रकमेच्या पाव टक्का लागतं आणि नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. भाडे नियंत्रणाच्या भागात करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नसेल तर अटींबद्दल किरायेदार सांगेल तेच धरलं जातं, मालकाने वेगळं सिद्ध करेपर्यंत.